खळ्यापुढच्या वाहणा

वाशीम, पौष वद्य पंचमी, सन १९३८. संध्याकाळ.

मुंबईत माझ्याबरोबर चित्रकला शिकलेल्या मित्रानं माझं खळ्याचं चित्र प्रदर्शनात न लावताच परत पाठवलं. सोबत चिठ्ठी: 'आजच्या चित्रकारानं निसर्ग शोधायचा तर डोंगरदऱ्यांत शोधावा. ज्वारीच्या राशीत कसलं सौंदर्य?' दिवसभर चरफडत होतो. आठ दिवस त्या राशीवरच्या उन्हाशी झगडलो, ते काय उगीच?

चित्र शाळेच्या ओसरीत भिंतीला टेकवून ठेवलं होतं. शेजारचे किसनकाका वावरातून परतताना डोकावले. राशीकडे बघत दोन पावलं पुढे आले, थबकले, मागे फिरले आणि वाहणा पायरीखाली काढून आले. एरवी याच ओसरीत वाहणांसकट येऊन बसतात!

"काका, वाहणा काहून काढल्या?"

"खयात वाहना घालून जातेत काय, मास्तर? समोर रास हाये ना!"

मग स्वतःच हसले. पण वाहणा पुन्हा घातल्या नाहीत. अनवाणीच उभे राहून बघत राहिले.

अभिमानानं फुगलेली माझी छाती अजून खाली बसलेली नाही.

मित्राला उत्तर काय लिहू? तुझ्या डोंगरापुढे आजवर कुणी वाहणा काढल्या का, एवढंच विचारतो.