बसखात्याचे मंत्री आणि माझं तबक

१२ जून
आजपासून रोजनिशी. मी सांगणार, नात निशिगंधा लिहिणार. मला अक्षर येत नाही, डोकं आहे. निशीला नेरच्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली, पण आमच्या गावाहून बस नाही. सून म्हणते, हॉस्टेलात ठेवू. मी म्हटलं, कायले? परवा बसखात्याचे मंत्री नेरला येऊन राह्यले, ओवाळायला मीच आहे. कुंकू लावता लावता सांगते. बस पक्की.

१४ जून
सांगितलं. मंत्री म्हणाले, आजी, झालं समजा. मी समजले. हॉस्टेल कॅन्सल.

२ जुलै
मंत्र्यांचं खातं बदललं. आता मासे सांभाळतात म्हणे. हरकत नाही. खातं बदललं तरी शब्द थोडाच बदलतो? निशी या आठवड्यात दोनदाच कॉलेजला गेली. लिफ्ट मिळाली तेव्हा.

१९ जुलै
दुसरे मंत्री. सदाशिवराव जीप घेऊन न्यायला आले. हे आमच्या गावचे पुढारी. जो मंत्री येईल त्याच्याच पक्षाचे. विसरू नये म्हणून मंत्र्यांना दोनदा ओवाळलं. म्हणाले, पोळ्याच्या आत बस दारात.

६ ऑगस्ट
दुसऱ्यांचा राजीनामा. आमचे हे खाटेवरून म्हणतात, तू ओवाळलं का माणूस गेलाच. जळतात. हे लिहू नको म्हटलं, लिहिलंच पोरीनं.

पोळा
दारात बैल आले. बस नाही. बैलांना ओवाळलं. दोघंही शाबूत आहेत, यांना दाखवलं.

१ सप्टेंबर
तिसरे मंत्री येणार. तबक चिंचेनं घासलं. सदाशिवराव आले, पण बसले नाहीत. म्हणाले, या टायमाले शेजारच्या हंसाबाई ओवाळतीन, साहेबांच्या पीएचा निरोप आहे. काहून? तर म्हणे, तुमाले ऊन सोसत नाही. बाहेर पाऊस पडत होता.

४ सप्टेंबर
कॉलेजातून फोन. हजेरी नाही, नाव कापू. सुनेनं निशीची बॅग भरली. मी म्हटलं, थांबा, चौथे येतीलच. कोणी हसलं नाही.

५ सप्टेंबर, सकाळी
निशी सदाशिवरावांच्या जीपनं हॉस्टेलला निघाली. घासलेलं तबक होतंच. निरांजन लावलं, कुंकवाचं बोट पुढं केलं. पोरगी मागं सरकली. म्हणे, आजी, मले नको ओवाळू, ॲडमिशन जाईन!
सगळे हसले. हे तर खोकेपर्यंत. मीपण हसले. तबक खाली ठेवलं आणि म्हटलं, बस, हे लिहून जा, उद्यापासून लिहायला कोण आहे? लिहून राह्यली. सदाशिवरावांची जीप हॉर्न मारून राह्यली.
मारू दे. अजून थोडं लिही.