पेटीच्या तोंडाची पट्टी

बाबा, तुला वाचता येत नव्हतं आणि मला धड लिहिता येत नाही, त्यामुळे चुका निघायची भीती नाही. आज शुक्रवार, इथली सुट्टी. कॅम्पच्या मागे पाण्याची टाकी गळते, तिथे सकाळी मधमाश्या बसलेल्या दिसल्या. या वाळवंटात कुठलं फूल शोधतात कोण जाणे. मी आंघोळीची बादली तशीच ठेवून बघत उभा राहिलेलो, तर बाकीची पोरं हसायला लागली. इथे गेटबाहेर जायचं तर चिठ्ठी लागते. पासपोर्ट आल्या दिवसापासून ऑफिसच्या कपाटात आहे. दोन वर्षांचा करार होता, आता तिसरं चाललंय. घरी सोडा म्हटलं की साहेब म्हणतो, बदली माणूस येऊ दे. असा बसल्या बसल्या तुझ्या मधमाश्यांच्या पेट्यांवर आलो.

त्या वर्षी खाडीत म्हावरं मिळेनासं झालेलं. जे यायचं त्यालाही रॉकेलचा वास, बाजारात बाया उचलून परत टाकायच्या. मी भिवंडीला मागावर गेलो, तिथून डोंबिवलीच्या कारखान्यात, तिथूनही पळालो. सातवी नापास पोराला सगळीकडे झाडूच देतात. आई म्हणायची, याच्या पायाला भिंगरी आहे. मामा मला कांडल्याच्या बंदरावर लावून द्यायचं बघत होता, आणि ते नाव निघालं की तू ताटावरून उठायचास. मग कुणीतरी तुला सांगितलं, खाडीकाठच्या तिवरांच्या फुलोऱ्यावर चांगला मध होतो. वर्तकनगरला एक कारकून होते. त्यांनी हौसेने मधमाश्या पाळल्या, बिल्डिंगमधल्या कुणाच्या पोराला चावल्या, सोसायटीने बंद करायला लावलं. त्यांनी सगळं सामान विकायला काढलेलं.

तू मला घेऊन गेलास. आई पापलेटाचा कल्ला उघडून बघते तसं तू एकेका पेटीचं झाकण वर करून बघितलंस, नाक आत घातलंस, फळ्या बोटाच्या पेराने वाजवल्यास. एका पेटीच्या चौकटीत किड्याची जाळी निघाली, ती तू पायाने बाजूला सारलीस. ते कारकून साहेब ओशाळले. अहो, होडी नाही घेत आहात तुम्ही, म्हणाले, आणि धूर करायचा डबा आणि तोंडावर घ्यायची जाळी वर दिली. दोन पेट्या आणि मध काढायचं यंत्र, दांडा गंजलेलं, असं सगळं रिक्षात घालताना त्यांनी दोनदा बजावलं की आतून काही लावू नका, नुसतं उन्हात ठेवा, माशीला वासाचं फार असतं. तू मान हलवलीस. रिक्षात पेटी मांडीवर घेऊन तू हळूच बोललास, “डोल इकली मी. आता खारीन जायाचा नाय. या पेट्या तुझ्या, पोरा. आता कुठं जायाचा नाय.” खाडीत लावायचं आपलं मोठं जाळं विकून तू ते सामान घेतलेलंस. तुला वाटलं मी खूश होईन. मला वाटलं, रिक्षातून उडी मारावी.

घरी आल्यावर तू फळ्यांच्या फटी बघितल्यास आणि दरवर्षी होडीला लावायचास ते मुशी माशाचं तेल काढलंस. आई म्हणाली, साहेबांनी नको सांगितलंय ना. तू म्हणालास, “साहेबाला फाईल कलते. लाकूड मना कलतं.” आतबाहेर चोपडलंस. आठ दिवस वाळवलंस, तरी वास होताच. पुढच्या रविवारी आंबिवलीला जांभळाच्या ढोलीत माश्या आहेत म्हणून साहेब स्वतः आले. उघड्या हाताने, धान्य भरावं तसे त्यांनी माश्यांचे घोस पेटीत भरले. मध्येच थांबून विचारलं, आत काही लावलंय का? तू नाही म्हणालास आणि माझ्याकडे बघितलंस. मीही नाही म्हणालो. मग त्यांनी पेटीच्या तोंडाला बारीक भोकांची पत्र्याची पट्टी बसवली. यातून कामकरी माशी ये-जा करते, राणी अंगाने मोठी, ती अडकते, आणि राणी आत म्हणजे बाकीच्या परततात. आठ दिवस पट्टी काढायची नाही. संध्याकाळी टेम्पोतून पेटी आपल्या खाडीच्या बांधावर आली.

दोन दिवस तू पेटीसमोरून हलला नाहीस. धुराने बिथरतील म्हणून बिडीसुद्धा पेटवली नाहीस. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतास, पोराचा धंदा आहे. मामाचा निरोप आला, शनिवारी निघायचं. तू म्हणालास, माश्या टाकून कुठं जातो? तिसऱ्या दिवशी दुपारी तू माश्यांना द्यायच्या पाकासाठी साखर आणायला गेलास. मी पकडीने पट्टी उपटली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग आतून घरघर आली आणि सगळ्या एकदम बाहेर. तिवरांवर एक गिरकी घेतली आणि खाडीपलीकडे गेल्या. मी पट्टी होती तशी ठोकून ठेवली.

तू आलास. पेटीला कान लावलास. “पट्टी होती ना?” मी म्हणालो, होती. पट्टी असताना राणी गेली कशी, हे तू विचारलंच नाहीस. बोटं नाकाशी नेलीस आणि म्हणालास, “माझ्या तेलानं घालवली.” दुसऱ्या दिवशी वर्तकनगरला जाऊन साहेबांपुढे तेलाचं खोटं कबूल करून आलास. मला म्हणालास, “आता तुला काय दाखवून थांबवू? जा.” मी कांडल्याला गेलो. तू कारखान्यात पिंपं धुवायला लागलास. दोन पावसाळे काढलेस. तू गेल्याची तार मिळून मी पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता.

तेलाने त्या आज ना उद्या गेल्याच असत्या, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. असेलही तसं. पण त्या उठल्या तेव्हा मला बरं वाटलेलं, बाबा. खूप बरं वाटलेलं.

माझी पत्रं ताई आईला वाचून दाखवते. आई अजून बाजारात टोपलीवर बसून सांगते म्हणे, आमच्या माणसाने माश्यांच्या घराला मुशीचं तेल लावलं, आणि सगळ्या बाया हसतात. हे पत्र गेलं तर पट्टीचं कळेल आणि ते हसणं थांबेल. म्हणून घरी पैसे पाठवायचे त्या पाकिटात मी हे घालणार नाही. तुझ्यावर हसतात ते मला चालतं.