फळीवरची भांडी

राजाजीनगर, बंगळूर
मे १९६५

मेजरसाहेबांना गोजराबाईचा रामराम.

समुद्रकाठच्या आपल्या किल्ल्यावरच्या तोफा काढून नेल्या आणि तुम्ही किल्ल्याचा इतिहास लिहायला घेतलात, म्हणून तोफखान्यातल्या जुन्या माणसांकडून आठवणी मागवल्यात. आमच्या ह्यांना लिहिता येत नाही, म्हणून मी लिहिते.

तोफेचं वजन मला ठाऊक नाही. सरावाच्या दिवशी शिट्टी झाली की आम्ही बायका काचा फुटू नयेत म्हणून खिडक्या उघडायचो आणि फळीवरची भांडी जमिनीवर मांडायचो. इतिहासात हे बसतं का बघा. शत्रूचं जहाज कधी आलंच नाही. पाण्यात फळकुटं सोडून त्यांच्यावरच गोळे टाकायचे.

इथं येऊन दहा वर्षं झाली तरी माझी भांडी जमिनीवरच होती. तुमचं पत्र आल्यावर हे हसून म्हणाले, "सरी, आता तरी वर ठेव." ('सरी' म्हणजे इथल्या कानडीत 'बरं'.) काल ठेवली. संध्याकाळी पितळेचा मोठा डबा ह्यांच्या पाठीमागेच फरशीवर आदळला. शेजारची गंगव्वा धावत आली. हे मान न वळवता भाकरी खात राहिले.

मी बोलताना हे माझ्या ओठांकडे का बघत असतात, ते तेव्हा कळलं.

हे कारखान्यात पहारेकरी आहेत, साहेब. कान गेलेला पहारेकरी कोण ठेवील? म्हणून हे पत्र मी टपालात टाकणार नाही. दुसरं लिहीन. त्यात एवढंच असेल, की आपल्या तोफांमुळे कधी कोणाला इजा झाली नाही.

तुमच्या संताजीची बायको,
गोजराबाई