हरकतदार: मालक की भाडेकरू

४ जून, लातूर
गल्लीतल्या घरमालकांची बैठक माझ्याच ओसरीवर. क्लासच्या मुलामुलींच्या खोल्यांचं भाडं आता महापालिका, म्हणजे म.पा., ठरवून देणार म्हणे. मसुदा निघालाय, हरकतींना २६ तारखेपर्यंत मुदत. सगळे एकसुरात: "मॅडम, हरकत तुम्हीच लिहा." पाटबंधारे खात्यात जन्मभर साहेबांची डिक्टेशनं घेतली, त्यामुळे गल्लीचे सगळे अर्ज माझ्याच माथी. हो म्हटलं. मसुद्याचं मराठी वाचून अंगाची लाही झाली. कॉन्व्हेंटात असं वाक्य लिहिलं असतं तर सिस्टरनी पट्टीने बोटं सुजवली असती.
मी घरमालक नाही हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही, ते उठून गेल्यावर आलं.

७ जून
घर इक्बालभाईचं. भूकंपात माझी आधीची भाड्याची खोली तडकली, तेव्हा त्याच्या अम्मी मैदानातल्या तंबूत येऊन म्हणाल्या होत्या, "जोवर जीव हाय तोवर आमच्याकडं राहा." कागद नाही. मागच्या दोन खोल्यांत मी क्लासच्या चार मुली ठेवते, त्याचाही नाही. इक्बालभाई बघतोच की रोज. मुलींचे ड्रेससुद्धा त्याच्याच दुकानात शिवायला जातात. पण मी कधी विचारलं नाही, त्याने कधी विषय काढला नाही.
मग मी कोण?
मसुद्यात दर अकरा महिन्यांनी नवा करार: भाडेकरू म्हणून अमान्य. भाड्याला कमाल मर्यादा: मालकीण म्हणून अमान्य. दोन हरकती लिहिल्या, दोन वेगळ्या कागदांवर. दोन्ही पटतात.

९ जून
मुलींपैकी देवणीची शीतल: "मावशी, नियम आला की आमचं भाडं कमी व्हणार म्हणं! लई भारी."
"आणि पोळ्या कोण लाटणार? म.पा.?"
पोरीचं काय चुकलं? राग नक्की कुणावर होता...

१३ जून, नांदेड
भाचा सुधीर इथे वकिली करतो. दोन्ही कागद वाचून इतका हसला की चहा सांडला. मग, "मावशी, दोन्ही फाड. मुद्दा एकच. भाड्याचा कायदा राज्याचा. म.पा.ला असा नियम करायचा अधिकारच नाही. मसुदा उभाच राहत नाही."
खुश होऊन उतरवून घेतलं.
"पण खाली तू सही करू नकोस."
का?
"त्याच कायद्यात मालकाच्या लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवले तर मालक घर खाली करून मागू शकतो. तू स्वतःच त्यावर बोट ठेवतेस."
म्हणजे गल्ली वाचवणारी हरकत मला घराबाहेर काढणार. आणि मसुदा पास झाला तर खोल्यांची नोंदणी, त्यालाही मालकाची सही. परतीच्या एसटीत तीनदा वाचलं. मुद्दा निर्दोष आहे. तोच वैताग.

१६ जून
इक्बालभाईच्या दुकानात. म्हटलं, मुलींबद्दल चार ओळी लिहून द्या. मशीनवरचा पाय थांबला.
"आपा, अम्मीच्या जबानीवर इतके साल राहिल्या. ती गुजरली, आन् आता कागज मागून राहिल्या?"
"मी नाही, कायदा मागतो."
"कायद्याचे अर्ज तर तुम्हीच लिहून राहिल्या ना."
मी उठले. चहाही विचारला नाही त्याने. असं आजवर झालेलं नाही.

२३ जून
गल्लीच्या समितीचे जाधव दोनदा येऊन गेले. "मॅडम, मुद्दा एक नंबर हाय. सही तेवढी ठोका." शुद्धलेखन तपासतेय म्हटलं. खोटं. मसुदा पडावा असं वाटतं. मग शीतल आठवते. मग माझ्या खोल्या. मग पुन्हा पहिल्यापासून.

२५ जून
सकाळी इक्बालभाईची सून पाकीट देऊन गेली. आत स्टँप पेपर. कोरा, पार कोरा. फक्त तळाशी इक्बालभाईची सही आणि दोन साक्षीदार.
"निरोप काय?"
"अब्बा म्हणले, लिहायचं काम आपांचं. जे वाटंल ते लिहा."
हा विश्वास की थप्पड? तिच्या चेहऱ्यावर वाचायला गेले तर तिला मुलाला शाळेत सोडायची घाई.
काहीही लिहिता येईल. मुलींना संमती. मी मरेपर्यंत राहणं. घरच माझ्या नावावर केलं तरी खाली सही त्याचीच. जन्मभर दुसऱ्याने सांगितलेलं उतरवलं. इथे सांगणारंच कुणी नाही.
दुपारी बसले. लिहून देणार: इक्बालभाई. लिहून घेणार: मी. तारीख. 'कारणे लिहून देतो की' इथवर आले. पेन वाळलं.
जाधव फाटकातून, "झालं का मॅडम? उद्या शेवटचा दिवस!"
"बसलेय लिहायला," म्हटलं.