आईच्या फोटोला जागा

दि. ४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला एक वाक्य धड पूर्ण करू देत नाहीस, म्हणून पत्र. आता मधे बोलून दाखव!

गणवेश शिवायच्या कारखान्यातली नोकरी मी सोडली. कुलूपवाल्याच्या दुकानावरची खोली घेतलीय. दोन मशीन, कटिंगचं टेबल आणि भरपूर उजेड. एका हाताने घालता येतील असे शर्ट, चाकाच्या खुर्चीत बसून काचणार नाहीत अशा पँटी, असलं काही शिवणार आहे. बिस्किटांच्या कारखान्यात आईचा हात गेल्यापासून तिच्या रिकाम्या बाहीला पिन लावायचं काम माझ्याकडे आहे. त्या पिनेचा मला वीट आलाय.

गिऱ्हाईक गावोगावचं, म्हणून वेबसाइट हवी. एक कंपनी सगळं तयार देते. दरमहा भाडं भरायचं आणि दुकान मांडायचं. दुसरा मार्ग म्हणजे सर्व्हरवर जागा घेऊन, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकून आपली साइट आपणच सांभाळायची. तू बँकेचे कॉम्प्युटर सांभाळतोस, तेव्हा सांग. ऐकेनच असं नाही.

माया भरपूर असू दे, सल्ला थोडक्यात दे.
तुझी भिंगरी


दि. ११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

नोकरी सोडतेस हे आधी कळलं असतं तर मी आडवा पडलो असतो. तुला ते ठाऊक होतं, म्हणूनच कळवलं नाहीस. असो.

डोळे मिटून तयार दुकान घे. नळ गळला तर मालक बघेल. स्वतःची साइट म्हणजे छप्पर तुझं, कुलूप तुझं आणि चोर शिरला तर धावपळही तुझीच. सॉफ्टवेअर वेळच्या वेळी अपडेट केलं नाही की कुणीतरी घुसतंच. आमच्याकडे रोज हेच निस्तरतो. तू शिवणार की पहारा देणार? फक्त डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, कंपनीच्या नव्हे, तुझ्या नावावर घे. पुढेमागे घर बदललं तरी पत्ता तोच राहतो.

तुझी वहिनी म्हणते, तुझी हिंमत आम्हाला थोडी उसनी दे. मी तसं मुळीच म्हणत नाही.

काळजी करणारा,
दादा


दि. २० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. एका दुपारीत दुकान उभं राहिलं आणि ऑर्डरीही आल्या. चाकाच्या खुर्चीत बसून मुलांना पोहायला शिकवणाऱ्या एका बाईंनी तर लगेच दुसरी पँट मागवली.

पहिल्या पानावर आईचा फोटो टाकला. निळा शर्ट, बटणांऐवजी चुंबक, आणि डावी बाही हात संपतो त्याच्या जरा आधीच संपलेली. हाताचं टोक उघडं दिसतं. आई खिडकीपाशी उभी आहे आणि चक्क हसतेय.

काल सकाळी दुकान बंद! कंपनीचं म्हणणं, फोटो बघणाऱ्यांना अस्वस्थ करणारा आहे. काढा, मग उघडतो. मी लिहिलं की हा माझ्या आईचा हात आहे, अपघाताचं दृश्य नाही. उत्तरात तेच वाक्य जसंच्या तसं परत आलं. फोनवर तू म्हणालास, काढून टाक आणि मोकळी हो.

नाही काढणार. आता तू कितीही ओरड, कागदाला कान नसतात.

तुझी भिंगरी


दि. २७ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

हट्टाला काही सीमा? गिऱ्हाईकं ताटकळलीत, कापड कापून पडलंय, आणि तू एका फोटोसाठी दुकानाला टाळं लावून बसलीस. शर्ट प्लास्टिकच्या पुतळ्यावर चढव, झालं. विकायचा शर्टच आहे ना?

आणि खरं विचारू? आईला असं चारचौघांत उभं करायची गरज काय होती? तिने जन्मभर तो हात झाकला. माझ्या लग्नाच्या फोटोतही ती सगळ्यांच्या मागे आहे. तुझ्या भिडेपोटी तिला नाही म्हणवलं नसेल.

रागावलोय, तरी तुझाच,
दादा


दि. ३ एप्रिल

चि. मोठ्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र भिंगरीने मला दाखवलं नाही. टेबलावर होतं, मी वाचलं.

मला कुणी उभं केलेलं नाही. फोटो काढ असं मीच म्हटलं. बाही अजून वर घे, असंही मीच म्हटलं.

पाकिटं भरायच्या ओळीत मी सगळ्यांत पुढे बसायचे. हात गेल्यावर, बरी होऊन परत गेले, तर साहेबांनी मला मागच्या गोदामात बसवलं. म्हणाले, कारखाना बघायला पाहुणे येतात, त्यांना कसंतरी होतं. मी मान खाली घातली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच बसले. हात झाकायची सवय मला त्या गोदामात लागली. आता ही कंपनी तेच सांगते, आणि माझा मुलगाही. मी पुन्हा मागच्या खोलीत जाणार नाही.

पाठ दुखते म्हणत होतास. ऑफिसातली खुर्ची बदलून माग.

तुझी आई


दि. २४ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आईला तुझं उत्तर नाही, मलाही नाही. म्हणजे घुम्यासारखा बसलायस. बातमी तरी ऐक.

स्वतःची साइट उभी केली! डोमेन माझ्या नावावर होतं म्हणून पत्ता तोच राहिला. ते श्रेय तुझं. बाकी सगळं तू बजावलंस तसंच झालं. जुनी मांडणी सोबत नेता आली नाही, एकेका कपड्याचं पान नव्याने बनवलं. मग एक अपडेट केलं आणि ऑर्डर घ्यायचं पानच गायब. बॅकअप घेतला नव्हता. आधी रडले, मग एकेका गिऱ्हाइकाला फोन केले. पोहण्याच्या बाई म्हणाल्या, सावकाश होऊ दे, मी कुठे पळून चाललेय, आणि स्वतःच खो खो हसल्या.

कंपनीनेही कळवलं की फेरविचार झालाय. फोटोतला हात धूसर केला तर दुकान उघडून देऊ. मी उत्तर दिलं, आमच्याकडे धूसर करण्यासारखं काही नाही.

छप्पर गळतंय, दादा, पण इथून आईला कुणी आत जा म्हणू शकत नाही. फोटो पहिल्या पानावर आहे. आधीपेक्षा मोठा.

राग संपला की लिही, नाही संपला तरी लिही.
तुझी भिंगरी


दि. ३० एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

आईला पत्र लिहायला बसलो होतो, जमलं नाही. शनिवारी येतोय, समोर बसूनच बोलेन. बॅकअप आपोआप होईल अशी सोय लावून देतो. अपडेटचं कामही यापुढे माझं. तू अवघड रस्ता धरलास असं मला अजूनही वाटतं. पण धरलाच आहेस तर एकटी कशाला?

काल ऑफिसात तुझी साइट तपासत होतो. शेजारच्या टेबलावरचा सहकारी डोकावला, फोटो पाहून तोंड वाकडं केलं आणि म्हणाला की हे काय उघडून बसलायस, बंद कर. मी स्क्रीन पूर्ण त्याच्याकडे वळवली. त्याला सांगितलं की ही माझी आई आहे, आणि आता नीट बघ.

तुझा आणि तिचा,
दादा