संगमावरचा कौल

मिऱ्या, सोमवार

प्रिय वेदिका,

पत्र बघून घाबरू नकोस गो, माझी तब्येत ठणठणीत आहे. फोन आहे की घरात, पण बोलायला घेतलं की जीभ उचलत नाही. दोनदा तुला लांज्याला फोन लावला आणि तुझ्या आईचा गुडघा कसा आहे एवढंच विचारून ठेवून दिला. तू माहेरी आहेस तोवर लिहून टाकते. समोर असतीस तर तुझ्या तोंडाकडे बघून पुन्हा थाप मारली असती.

गेल्या माघातली आपली कसब्याची सहल आठवते ना? निलेश बोटीवरून नाहीसा झाला त्याला तेव्हा चौदा महिने झाले होते. सकाळच्या हजेरीला दिसला नाही, शोध चालू आहे, एवढंच कंपनीने कळवलेलं, आणि मी आपली दाराकडे तोंड करून बसलेली. तूच हट्ट धरलास, आई, एक दिवस तरी उंबरा ओलांडा, संगमेश्वराकडची जुनी देवळं बघून येऊ. नेमकी निघायच्या सकाळी तुला अडचण आली. मी म्हटलं राहू दे, तर म्हणालीस, मी बाहेरूनच बघीन. आणि बघितलंस की! मी गाभाऱ्यापुढे नाक घासत होते आणि तू बाहेर भिंतीवरच्या एकेका दगडी बाईचे फोटो काढत होतीस. हिचा अंबाडा बघा, हिची नथ बघा. चौदा महिन्यांत पहिल्यांदा तुला हसताना पाहिलं आणि खोटं कशाला सांगू, मला रागच आला. माझा मुलगा कुठल्या पाण्यात आहे ठाऊक नाही आणि ही मेली दात काढते, असं मनात आलं.

मग दोन नद्या मिळतात तिथल्या पायऱ्यांवर बसून आपण घावन खाल्लं. तिथे तू अनिल सरांचं सांगितलंस. तू शिकवतेस त्याच शाळेतले, बायको वारलेली, माणूस सरळ. त्यांनी लग्नाचं विचारलंय, पण तुमच्या शब्दाबाहेर मी नाही, असं म्हणालीस आणि घावनाचे बारीक बारीक तुकडे करत राहिलीस. एकतीस वर्षांची पोर तू, मी हो म्हणायला हवं होतं. मी फटकन म्हटलं, आपण कोण ठरवणार, देवीला विचारू. काठावरच्या त्या लहानशा देवळात गुरव कौल लावतात हे मला माहीत होतं. तू पायरीवर थांबलीस, मी आत गेले.

गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, मुलगा परत येणार असेल तर उजवा दे, नसेल तर डावा दे. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. डावं फूल पडलं. मी म्हटलं, परत लावा. परत डावं. तिसऱ्यांदा ते नको म्हणत होते, मी त्यांचे पाय धरले. या वेळी फार वेळ लागला. उजव्या फुलाकडे मी अशी बघत होते की डोळ्यांनीच पाडीन. डावंच पडलं. गुरवांनी ते फूल माझ्या ओंजळीत ठेवलं. बाहेर आले तर तू उठून उभी. माझ्या तोंडून निघालं, उजवा दिला गो देवीने, येतोय निलेश.

का बोलले? तू गेलीस की तो खरंच गेला, असं वाटलं. त्याची वाट बघायला माझ्या जोडीला कुणीतरी हवं होतं. तू बाहेरूनच देवीला हात जोडलेस. तुझ्या तोंडावर काय होतं ते मी मुद्दाम बघितलं नाही. दुसऱ्याच दिवशी तू अनिल सरांना नाही म्हणालीस, सोमवार धरलेस, दर महिन्याला त्याचे शर्ट काढून उन्हात घालायला लागलीस. मी रोज बघत होते आणि रोज गप्प बसत होते.

काल अनिल सरांच्या लग्नाची पत्रिका आली. तुझ्या नावाची होती, मी फोडली. पौषाआधीच उरकतायत. म्हणजे आता हे सांगून तुझा काही फायदा नाही, हे मला कळतं. तरी सांगते, कारण एक गोष्ट अजून माझ्याकडेच आहे. बांगड्याचं कालवण पुढे केलंस की मी पित्त झालंय म्हणते ना? पित्त नाही. त्या दिवसापासून मी त्याच्या नावाने मासे सोडलेत. देवळातून आल्यावर पाय धुते म्हणून खाली उतरले, ते फूल संगमात सोडलं आणि माझ्या निलेशच्या नावाने ओंजळभर पाणी सोडलं. तू वरून तेव्हाच फोटो काढलास. आई किती शांत दिसतायत म्हणून तो माजघरात लावलायस. मी त्याला रडून घेतलं गो, दहा महिने, चोरून. तुला रडू दिलं नाही. आता वाट बघू नकोस. तिथेच, तुझ्या आईच्या कुशीत, रडून घे, आणि इथे यायचं की नाही ते तुझं तू ठरव.

आई म्हणवून घ्यायला तोंड राहिलं नाही, तरी तुझीच,
दमयंती