चंद्रावर कोणाला पाठवायचं

सर, तुम्हांला जाऊन बरीच वर्षं झाली, पण तुमच्याशी भांडायचं माझं अजून संपलेलं नाही. मेलेल्या माणसाशी भांडणं सोपं, असं कोणी म्हणेल. तसं अजिबात नाही. शनिवारी तुमच्याच शाळेत, तुमच्या हार घातलेल्या फोटोखाली उभं राहून मी सूड घेतला, आणि तुम्ही फोटोत होतात तसेच हसत राहिलात. म्हणून हे लिहितो आहे.

तुम्हांला तो दिवस लक्षात राहिला नसेल, मला आहे. डिचोलीला तालुक्याची वादविवाद स्पर्धा होती आणि विषय होता, अंतराळात माणूस पाठवावा की यंत्र. मी यंत्राच्या बाजूने होतो. स्वयंपाकघरात चहात उंडो पाव बुडवत मी आईला सगळे मुद्दे पाठ म्हणून दाखवले होते. यंत्राला हवा लागत नाही, जेवण लागत नाही, परत आणावं लागत नाही. तुम्ही वर्गात सराव घेताना स्वतः माणसाची बाजू घेतलीत. यंत्र सांगितलं तेवढंच करतं, म्हणालात, पण वाटेतला एखादा दगड वेगळा दिसला तर तो उलटून बघावा असं माणसालाच वाटतं. मी विचारलं, आणि तो तिथे मेला तर? तुम्हांला पटकन उत्तर सुचलं नाही, मी बघत होतो. मग तुम्ही हसलात आणि म्हणालात, "खाणीत उतरायला भिणाऱ्याचा पूत तू. तू कशाला माणूस पाठवशील?"

सगळे हसले, कारण ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. माझे बाबा सुर्लाच्या बाजूला एका खाणीवर पंप चालवायचे. खड्ड्यात पाणी भरलं होतं आणि उतारात कापलेल्या सगळ्यांत खालच्या पायरीवर पंपाची नळी गाळात अडकली होती. आपल्याकडे खाली माणूस उतरायचा तर आधी जागेच्या देवाला, राखणदाराला गाऱ्हाणं घालतात, विडी-नारळ ठेवतात. मुकादमाने तेही उरकून घेतलं आणि बाबांना म्हणाला, देवाला सांगून झालं, आता उतर. बाबा अर्ध्या वाटेवरून परत आले. गाऱ्हाणं घातल्यावर माघार घेतली म्हणजे राखणदाराचा अपमान केला, असा बोभाटा झाला आणि त्यांना कामावरून काढलं. काही दिवसांनी ती पायरी पंपासकट पाण्यात गेली, तरी भित्रा हे नाव पडायचं ते पडून गेलं होतं. तुम्ही विज्ञानाचे शिक्षक होतात, सर. पायरी का कोसळते ते तुम्ही फळ्यावर काढून दाखवू शकला असतात. तुम्ही मुकादमाचीच री ओढलीत. स्पर्धेला मी गेलो नाही, आणि दहावीला बसलोच नाही.

आता मी ड्रोन उडवतो. बंद खाणींची आणि मातीच्या ढिगांची मापं वरून घेतो. जिथे बाबांना उतर म्हणाले होते, तिथे आता माझं यंत्र जातं, कोणाच्या घरी कोणी वाट बघत बसत नाही. हे बघायला तुम्ही हवे होतात. उडवण्याआधी मी पंखे, बॅटरी, वारा सगळं पुन्हा पुन्हा तपासतो, तरी माझ्या हातांना घाम सुटतो. त्याला भीती म्हणायची असेल तर म्हणा.

शनिवारी तुमच्या स्मरणार्थ विज्ञान प्रदर्शन भरवलं, त्याला शाळेने मला ड्रोन घेऊन बोलावलं. मी बाबांना मुद्दाम बरोबर नेलं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि ते पुढच्या रांगेत, तुमच्या मुलीच्या शेजारी बसले. ती आता त्याच शाळेत विज्ञान शिकवते. मी पडद्यावर त्या खड्ड्याचं चित्रण लावलं, हिरवं पाणी आणि कोसळलेली पायरी. मग म्हणालो की इथे उतरायला एका माणसाने नकार दिला होता, आणि ज्यांच्या नावाने हे प्रदर्शन आहे त्यांनी माणूस पाठवावा की यंत्र या वादात, भर वर्गात त्याला भित्रा म्हटलं. तुमचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. तुमच्या मुलीची मान खाली गेली. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं. बाबांकडे मात्र बघायचं राहून गेलं. ते वाक्य त्यांनी त्या दिवसापर्यंत ऐकलंच नव्हतं, सर. ते त्यांना पहिल्यांदा माझ्या तोंडून कळलं.

परत येताना बाबा स्कूटरवर माझ्या मागे बसले होते. आमोण्याच्या पुलावर आल्यावर मागून म्हणाले की मास्तर काही खोटं बोलला नाही, मी भ्यालोच होतो, खालून मातीचा आवाज आला आणि पाय पुढे जाईनात. मग म्हणाले, "मशीन आसतें जाल्यार गेलें आसतें, पुता."

यंत्र असतं तर गेलं असतं. मी स्कूटर बाजूला घेतली. यंत्राला आवाज आला नसता, आणि आला असता तरी त्याला नाही म्हणता आलं नसतं. ते गेलं असतं आणि पायरीबरोबर बुडालं असतं. तुम्ही वर्गात जे उत्तर शोधत होतात, सर, ते हे होतं. माणूस पाठवायचा तो मागे फिरतो म्हणून. तुमच्या बाजूचा सगळ्यांत मोठा पुरावा माझा बाप होता, दोन वाड्या पलीकडे राहत होता, आणि तुम्ही त्याच्यावर विनोद केलात. शनिवारी जे बोललो त्यापेक्षा हे तुम्हांला जास्त लागलं असतं, आणि नेमकं हेच ऐकायला तुम्ही नाही.

हे मी शुद्ध करून पुन्हा लिहून काढलं आहे, ऱ्हस्व-दीर्घ तपासून, कारण ते तुम्हीच शिकवलंत. ड्रोनच्या पेटीत तळाला ठेवीन. काल तुमची मुलगी घरी आली होती. तिने बाबांची माफी मागितली, चहा घेतला, आणि निघताना दारात मला विचारलं, "त्या वादात माझ्या बाबांचं काहीच बरोबर नव्हतं का हो?" पुलावरचं सगळं माझ्या डोक्यात होतं. तरी मी म्हणालो, "नाही, काहीच नव्हतं."